सत्तर अक्षरांतला साठा

लातूरच्या त्या ऑफिसात मी दोन वर्षं काढली. दोन वर्षं सोडून जाणार नाही असं लिहून दिलं होतं, आणि दहावीपासून इंजिनिअरिंगपर्यंतची सगळी मूळ प्रमाणपत्रं सरांच्या लोखंडी कपाटात होती. सर म्हणजे मालक. कपाट त्यांच्या खुर्चीच्या मागे होतं, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना नजर आपोआप त्या कपाटाच्या मुठीवर जायची.

कुणी जबरदस्ती केली नव्हती. सही मीच केली होती. औशाला आमच्या विहारात नोकरी लागल्याबद्दल सगळ्यांसमोर माझा सत्कार झाला होता, वडील पहिल्या रांगेत बसले होते. तहसीलमध्ये तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांना टाळ्या वाजवणंही सुचत नव्हतं. नंतर पुण्याहून एका कंपनीचा फोन आला, तेव्हा नोकरीला जेमतेम पाच महिने झाले होते. मूळ कागद दाखवायला या, म्हणाले. मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. घरी सांगितलंच नाही.

माझ्याकडे काम होतं रक्तपेढ्यांचं. एका संस्थेच्या नांदेड, लातूर आणि आणखी दोन-तीन गावांत रक्तपेढ्या होत्या. कुठे कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, त्यातल्या किती आधीच कुणासाठी राखून ठेवल्यात आणि किती लगेच देता येतील, ही माहिती आमच्या सर्व्हरवर यायची आणि जो मागेल त्याला तिथून जायची.

मागणारे मात्र निरनिराळे. डॉक्टरांच्या मोबाइलमधल्या ॲपला ती जेसनमध्ये लागायची, म्हणजे महिरपी कंसांत बांधलेली, माणसाने वाचण्यासारखी नाही पण यंत्राला सोपी. रक्तपेढीच्या कॉम्प्युटरवर तीच वेबपानाच्या तक्त्यात हवी असायची. संस्थेच्या कार्यालयाला महिन्याच्या अहवालासाठी एक्सेलमध्ये उघडेल अशी फाइल. आणि ज्यांच्याकडे साधा, बटणांचा फोन आहे, त्यांनी ठरलेल्या नंबरावर गावाचं नाव पाठवलं की उत्तरात एसएमएस. म्हणजे नुसता मजकूर.

माहिती एकच, रूपं चार. मागणाऱ्याने मागतानाच सांगायचं असतं की मला कुठलं रूप हवंय. सर्व्हर ते वाचतो आणि त्या रूपाचा रेंडरर निवडतो, म्हणजे माहितीला ते रूप चढवणारा प्रोग्रामचा तुकडा. हे चारही तुकडे मी लिहिले होते. मला हे काम आवडायचं, हेही सांगायला हवं. पहिल्या आठवड्यात नांदेडहून तिथल्या टेक्निशियन बाईंचा फोन आला होता, "मॅडम, स्क्रीनवर ही काय नक्षी येऊन राहिलीय?" त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरने रूप सांगितलंच नव्हतं, म्हणून मी न सांगणाऱ्यांसाठी ठेवलेलं जेसन त्यांना गेलं होतं. पानभर नुसते कंस. मी ते दुरुस्त केलं आणि दिवसभर हसत होते.

एसएमएसचं काम शेवटी आलं. मराठीत एका एसएमएसमध्ये सत्तर अक्षरं बसतात. त्यातही 'बी' आपल्याला एक अक्षर वाटतं, यंत्र ते दोन मोजतं, कारण वेलांटी वेगळी. आठ रक्तगट, निगेटिव्हसाठी नुसतं वजाचं चिन्ह, गावाचं नाव, आणि प्रत्येक गटापुढे आकडा. एवढं नीट बसत होतं. पण आकड्यापुढे कंसात राखीव पिशव्या लिहिल्या की मजकूर सत्तरच्या पुढे जायचा आणि एकाचे दोन मेसेज व्हायचे.

मी सरांकडे गेले.

"एका मेसेजमध्ये बसव," ते म्हणाले. "दोन तुकड्यांत गेला की अर्धे लोक दुसरा वाचतच नाहीत."

"मग राखीव वजा करून उरलेल्याच दाखवू का? तेवढ्याच तर देता येतात."

सरांनी जरा विचार केला. "संस्थेला साठा दाखवायचाय. सचिवसाहेब रोज सकाळी स्वतः मेसेज मागवून बघतात. एकूणच दाखव. ज्याला डिटेल पाहिजे त्याला ॲप आहे."

"साध्या फोनवर ॲप नाही चालत सर."

"आजकाल कोणाकडे साधा फोन असतो?"

मी कपाटाच्या मुठीकडे बघितलं. माझ्या वडिलांकडे साधा फोन होता. ते मी बोलले नाही. जागेवर आले, राखीव काढलं, एकूण ठेवलं, आणि मेसेज एकोणपन्नास अक्षरांत बसला. सुबक दिसत होता.

चार महिन्यांनी मला पंधरा दिवसांसाठी नांदेडला पाठवलं. अहवालाच्या फाइलमध्ये काही रकाने उलटसुलट येत होते, तिथे बसूनच दुरुस्त करायचं ठरलं. रक्तपेढीत वेगळी खोली नव्हती. काउंटरच्या आतल्या बाजूला, फ्रीजच्या शेजारी टेक्निशियन बाईंनी मला एक टेबल दिलं. बाई पन्नाशीच्या, मूळच्या नांदेडच्याच, बोलायला तिखट. मला "माय" म्हणायच्या. खिडकीच्या पलीकडे एक लाकडी बाक होता, लोक त्यावर बसून वाट बघायचे. माझं तोंड त्या बाकाकडेच होतं.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक माणूस आला. साठीच्या आसपास, डोक्याला पांढरा रुमाल, हातात मुलांची असते तशी पाण्याची थर्मास-बाटली. त्याने काउंटरवर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली आणि बाटली उघडून दाखवली. आत बर्फाच्या पाण्यात रक्ताच्या नमुन्याची नळी होती.

"देगलूरहून आलो," तो म्हणाला. "लेकीचं उद्या सकाळी सिझर हाय. ओ निगेटिव्ह एक पिशवी आणून ठेवा म्हनले डॉक्टर."

बाईंनी चिठ्ठी वाचली, रजिस्टर बघितलं. "ओ निगेटिव्ह नाही काका. दोन आहेत, पण दोन्ही इथल्याच एका पेशंटला राखून ठेवल्यात. दुपारी ऑपरेशन आहे त्यांचं."

"न्हाई कसं? दोन हाय की."

"आहेत, पण त्या दुसऱ्याच्या नावावर आहेत."

त्याने खिशातून फोन काढला. छोटा, बटणांचा, मागचं झाकण रबराने बांधलेलं. मेसेज उघडून त्याने तो खिडकीतून आत सरकवला. "हे बघा. शिकल्याल्या मानसाकडून वाचून घेतलंय मी. नांदेड, ओ वजा दोन. सकाळी सहाला आलाय ह्यो मेसेज. तुमचाच हाय ना?"

बाईंनी फोन हातात घेतला आणि माझ्याकडे वळून बघितलं. त्यांना काही माहीत नव्हतं. कॉम्प्युटरचं काही असलं की त्या माझ्याकडे बघायच्या, एवढंच.

मी उठले नाही. समोरच्या स्क्रीनवर वेबपान उघडंच होतं: ओ निगेटिव्ह, एकूण दोन, राखीव दोन, उपलब्ध शून्य. स्वच्छ तक्ता. देगलूरच्या त्या डॉक्टरांनी ॲप उघडलं असतं तर त्यांनाही हेच दिसलं असतं.

"निजामाबाद जवळ पडतंय मला," तो माणूस म्हणत होता. "जावई म्हनला तिकडं जाऊ. म्या म्हनलो, नांदेडला दोन हायत, लिवून आलंय. एष्टीनं आलो अडीच तास."

बाई एरवी तिखट, पण अशा वेळी फार शांत व्हायच्या. "बसा काका. रक्तदात्यांची यादी आहे आपल्याकडे. फोन लावते. कोणी आलं तर रक्त घेऊन तपासण्या करायला चार-पाच तास लागतील. संध्याकाळच्या गाडीने जाल."

तो बाकावर बसला. थर्मास-बाटली मांडीवर.

पहिले तीन फोन वाया गेले. एक दाता हैदराबादला, एकाने गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं, एकाने उचललाच नाही. चौथ्या नंबरावर एक शिक्षिका होत्या, नांदेडातल्याच तरोड्याकडच्या शाळेत. तास संपवून येते म्हणाल्या आणि साडेबाराला खरंच आल्या. हाताला खडू तसाच. रक्त देऊन, बिस्कीट खाऊन, पुढच्या तासाला परत गेल्या. त्या माणसाने उभं राहून त्यांना हात जोडले, त्यांना ते धड दिसलंही नसेल.

मग वाट बघणं सुरू झालं. पिशवी तपासणीला गेली होती. तो बाकावर, मी त्याच्या समोर काचेच्या आत. माझं काम अहवालाचे रकाने नीट करण्याचं, पण एक ओळ पुढे सरकेना. मान वर केली की तो. दुसरं टेबल नव्हतं. बाहेर जायचं तर त्याच्या समोरूनच जावं लागत होतं. मला पाणी प्यायचं होतं आणि मी दोन वाजेपर्यंत उठले नाही.

शेवटी उठले. बाहेर जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"काका, चहा आणू?"

"नको माय. लेकीनं पानी बी घेतलं नसंल."

मग मी सांगून टाकलं, "तो मेसेज मी लिहिलाय. म्हणजे, तो मेसेज बनवणारा प्रोग्राम माझा आहे."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच. "तू लिवतीस?"

"हो."

"मग न्हाई तर दोन कशाला लिवलीस?"

"एका मेसेजमध्ये सत्तरच अक्षरं बसतात. राखीव किती ते लिहायला जागा उरली नाही."

मला वाटलं, त्याला कळलं नाही. पण तो हिशेब करत होता.

"दोन लिवायला जेवढी जागा लागती," तो म्हणाला, "तेवढीच सुन्न्याला लागती की."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं झालं असतं. मी सांगू शकले असते की सरांनी तसं करायला लावलं, माझे कागद कपाटात आहेत, मी विचारलं होतं. हे सगळं खरं होतं. पण त्या बाकावर बसून ते तोंडातून निघेना. त्याने मान फिरवली आणि फाटकाकडे बघत बसला. मीही बसून राहिले. उठून आत जाणं आणखी वाईट दिसलं असतं.

पाचच्या आधी पिशवी तयार झाली. नमुन्याशी जुळली. बाईंनी ती थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पाकिटांमध्ये ठेवली आणि डबा चिकटपट्टीने बंद केला. त्याने बाईंचे आभार मानले. जाताना माझ्या खिडकीशी थांबला.

"ते दोन काढ," म्हणाला. "आजच काढ."

तो फाटकाबाहेर गेला आणि मी बाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा तापत गेला. "म्हणजे चार महिने झाले आपण लोकांना खोटं सांगून राहिलोय?"

"साध्या फोनवाल्यांनाच. बाकीच्यांना बरोबर जातंय."

"मग काढ की माय. बघत काय बसलीस?"

एकच शब्द बदलायचा होता. मजकुराच्या रेंडररमध्ये 'एकूण' होतं तिथे 'उपलब्ध'. बदलला, सर्व्हरवर चढवला, बाईंच्या फोनवरून नांदेड लिहून पाठवलं. उत्तर आलं: ओ वजा शून्य. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

दुसऱ्या दिवशी बाईंनी देगलूरच्या दवाखान्यात फोन केला. सिझर झालं होतं. मुलगी झाली, आई बरी आहे, आणलेली पिशवी लागली. एवढं ऐकून बाईंनी फोन ठेवला आणि कामाला लागल्या. मी फ्रीजच्या आड जाऊन रडले.

सचिवसाहेबांच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. रोजचा साठा एकदम कमी कसा झाला, म्हणून त्यांनी सरांना विचारलं. सरांनी मला लातूरला बोलावलं.

"कोणाला विचारून बदललंस?"

मी देगलूरच्या माणसाचं सांगितलं. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ते वाईट माणूस नव्हते. पण ऐकून झाल्यावर म्हणाले, "झालं ते वाईट झालं. पण कॉन्ट्रॅक्ट संस्थेशी आहे. त्यांनी एकूण मागितलंय. होतं तसं कर."

"मी नाही करणार सर."

"अजून सात महिने आहेत तुझे."

"माहितेय."

त्यांनी मग दुसऱ्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारली. तो साखर कारखान्याच्या उसाच्या नोंदींचं काम करायचा. त्याने माझ्याकडे बघितलं, खाली बघितलं, आणि माझा शब्द काढून जुना घातला. त्याचेही कागद त्याच कपाटात होते.

माझं खातं फक्त बघण्यापुरतं ठेवलं. बदल करता येईना. पण नोंदी दिसायच्या: कुठल्या नंबरावरून काय विचारलं, कुठल्या रूपात, आणि काय उत्तर गेलं. मी दिवसभर त्या वाचायचे. ॲपच्या मागण्या भराभर येऊन जायच्या, त्यांच्याकडे बघायची गरज नव्हती. मजकुराच्या मागण्या थोड्या. दिवसाला दहा, कधी पंधरा. निलंगा, औसा, देगलूर. औसा दिसलं की मी नंबर दोनदा तपासायचे. घरचा तर नाही ना.

ज्या उत्तरात आकडा होता पण खरं तर शून्य होतं, तो नंबर मी कागदावर उतरवायचे. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन माझ्या फोनवरून लावायचे.

"तुम्ही रक्तासाठी मेसेज केला होता ना? निघायच्या आधी रक्तपेढीला फोन करा. मेसेजमधल्या पिशव्या राखीव असू शकतात."

"तुमी कोन बोलून राहिले?"

"रक्तपेढीतून."

हेही खोटंच होतं. एका बाईने विचारलं, "मग मेसेजमध्ये कशाला लिहिता हो?" मी म्हणाले, दुरुस्ती चालू आहे. एकजण निघालाच होता, मुखेडच्या पुढे आला होता. त्याला मी नांदेडच्या बाईंचा नंबर दिला. दोघांनी फोन उचललाच नाही. त्यांचं काय झालं, मला आजही माहीत नाही.

हे अठरा दिवस चाललं. तिकडे बाई गप्प बसल्या नव्हत्या. त्यांनी रक्तपेढीच्या डॉक्टरांना गाठलं, देगलूरची सगळी हकिगत लिहून काढली, आणि देता येणार नाही ती पिशवी लोकांना 'आहे' म्हणून सांगण्याची जबाबदारी आम्ही घेणार नाही, असं पत्र डॉक्टरांच्या सहीने संस्थेला दिलं. सही असलेल्या कागदाला सचिवसाहेब घाबरले असावेत, किंवा त्यांना खरंच पटलं असेल. एका सोमवारी सरांनी मला बोलावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते उपलब्ध करून टाक."

माझ्या खात्याला बदल करायची मुभा परत मिळाली आणि मी तोच शब्द तिथेच दुसऱ्यांदा लिहिला.

उरलेले सहा महिने मला फक्त अहवाल दिले. जुन्या कागदी रजिस्टरांवरून फाइली बनवायच्या, मागच्या खोलीत, पाठीमागे खिडकी नसलेल्या भिंतीशी. सर रागावून बोलायचे नाहीत, बोलायचेच नाहीत. घरी वडील विचारायचे, "कसं चालून राहिलंय?" आणि मी म्हणायचे, "लई काम हाय." एकदा त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पुण्याचा फोन आला होता तवाच सांगायचं होतंस. म्या आलो असतो सरांकडं." तहसीलच्या साहेबांपुढे तीस वर्षं मान खाली घालून राहिलेला माणूस माझ्यासाठी सरांकडे आला असता. मला हे आधी का वाटलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

मुदत संपली त्या आठवड्यात मी राजीनामा दिला. सरांनी कपाट उघडलं, माझी फाइल काढून दिली. त्यांचा हात फाइलीवर जरा रेंगाळला.

"रक्तपेढीचं काम नवीन माणसाला शिकवून जाशील का?" त्यांनी विचारलं. हुकूम नव्हता तो. मी पंधरा दिवस थांबले, माझ्या मर्जीने.

नवीन आलेली मुलगी निलंग्याची होती, माझ्यासारखीच नुकती कॉलेजातून निघालेली. पहिल्याच दिवशी तिने ॲप उघडलं आणि म्हणाली, "छान दिसतंय." मी तिला ते बंद करायला सांगितलं. ऑफिसच्या शिपाईकाकांचा बटणांचा फोन मागून घेतला आणि तिच्या हातात दिला. "नांदेड लिहून पाठव."

तिने पाठवलं. आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. मेसेज यायला मिनिटभर लागलं.

"ओ निगेटिव्ह एक," तिने वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "हे खरंच आहे का तिथे?"

मी नांदेडच्या बाईंचा नंबर लावला आणि फोन तिच्याकडे दिला.